तेलाच्या विहिरीतलं खारं पाणी जाते कुठी?

पूर्णाकाठचा
राम राम मंडळी. माझा भाचा गुजरातेत मेहसाण्याकडं तेलाच्या विहिरींवर कामाले हाये. पोळ्याले घरी आला होता. रात्री ओट्यावर बसलो तर गोठीतून गोठ निघाली. म्हणे, मामा, तेलाच्या विहिरीतून तेल कमी न पाणीच जास्त निघते, थेबी खारं. मी म्हटलं पोट्टा फेकून राह्यला. आम्ही दर्यापूर तालुक्यातले, म्हणजे पक्के खारपाणवाले. खाऱ्या पाण्याची गोठ आमाले कोणी शिकवाव?

पण थो शपथेवर सांगे. मंग माह्या डोक्यात दोन प्रश्न बसले, थे काही केल्या जाऊन नाही राह्यले.

एक, एवढं पाणी निघते तर थे टाकतात कुठी?

दुसरा मतलबाचा. आमच्या गावच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरून राह्यला. अमेरिकेत म्हणे तेलकंपनीचं पाणी साफ करून बदामाच्या बागाईले देतात. तेलाच्या विहिरीचं पाणी जर बागेले चालते, तर आमच्या बोअरच्या पाण्यानं काय घोडं मारलं? असं काही औषध निघालं असन तर पयले आमाले पाह्यजे. जाणकाराईनं सांगाव.

सावजी_रस्सा
भाच्याले सांगा, तेल नागपूरले पाठव न पाणी दर्यापूरले. आमची फोडणी होईन, तुमच्या वावरात काई फरक पडनार नाही.

तुरीची_डाळ
पयले हे सांगा दादा, भाचा लग्नाचा हाये का? बाकी पाण्याचं मंग पाहू. (मी मूर्तिजापूरची. आमच्याकडंबी तेच खारं पाणी. भांडी घासून घासून पांढरी पडली.)

निवृत्त_मास्तर
पूर्णाकाठचे, भाचा खरं बोलतो. मी अकोल्यात अनेक वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. तेलाच्या धंद्यातला नाही, पण पायाभूत गोष्ट सांगू शकतो.

‘तेलाची विहीर’ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर खाली तेलाचं तळं येतं. तसं काही नसतं. खाली दगड असतो, स्पंजासारखा बारीक छिद्रांचा. त्या छिद्रांत तेल आणि वायू, आणि त्यांच्याखाली, आजूबाजूला, बऱ्याचदा त्याच छिद्रांत, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राचं अडकलेलं पाणी. तेल ओढलं की पाणीही ओढलं जाणारच. जगाची सरासरी काढली तर एक पिंप तेलामागे तीन-चार पिंपं पाणी येतं. पिंप म्हणजे १५९ लिटर. विहीर जितकी म्हातारी तितकं पाणी जास्त. शंभर भागांत नव्वद-पंच्याण्णव भाग पाणी देणाऱ्या विहिरीसुद्धा चालू ठेवतात, कारण उरलेल्या पाच भागांचेही पैसे येतात.

आता खारटपणा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार. तेलाबरोबर येणाऱ्या पाण्याचं जागेजागेवर वेगळं. कुठे ते जवळपास गोडं, तर अमेरिकेतल्या काही खोऱ्यांत लिटरला २०० ग्रॅमच्या वर. घरी हिशोब करून पाहा. लिटरला १०० ग्रॅम धरले आणि पिंपामागे तीन पिंपं पाणी धरलं, तर एका पिंप तेलामागे जवळपास ४८ किलो मीठ. म्हणजे एक पोतं.

शिवाय त्यात तेलाचे बारीक थेंब, बेंझीनसारखे विषारी पदार्थ, बेरियम, कधी आर्सेनिक, आणि काही ठिकाणी रेडियम.

तुरीची_डाळ
सर, रेडियम म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीले मागून चिपकवतात थे?

निवृत्त_मास्तर
नाही हो ताई. ट्रॉलीला लावतो तो नुसता उजेड परतवणारा कागद, नाव तेवढं रेडियमचं राहिलं. खरं रेडियम किरणोत्सारी. खोल दगडांत युरेनियम-थोरियमचा अंश असतो, त्यातून ते तयार होतं आणि खाऱ्या पाण्यात चांगलं विरघळतं. पाणी वर आलं की बेरियमच्या क्षाराबरोबर पाइपांच्या आत थर होऊन बसतं. तुमच्या गिझरच्या कॉइलवर बसतो तसाच थर, फक्त तो खरवडून उकिरड्यावर फेकता येत नाही.

बोंडअळी
घ्या. म्हणजे कंपनी तेल नेणार आणि पोतंभर मीठ गावात ठेवणार. हे सगळीकडे असंच. इक्वेडोरच्या जंगलात १९६४ पासून एका अमेरिकन कंपनीनं तेल काढलं, १९९२ पर्यंत. हे पाणी उघड्या खड्ड्यांत आणि नदी-नाल्यांत सोडलं. तिथले आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात. आपल्याकडे काय वेगळं होणार आहे? कागद रंगवतील, एक झाड लावतील, फोटो काढतील.

पुण्यातला_वऱ्हाडी
बोंडअळी, इक्वेडोरचं खरं आहे, पण सगळीकडे तसंच चालतं असं नाही. मी पाणी शुद्धीकरणाच्या कामात आहे (मूळ अचलपूर). आपल्याकडे तेल-वायू उद्योगाला सांडपाण्याचे निकष आहेत. जमिनीवरच्या क्षेत्रातून पाणी बाहेर सोडायचं तर तेल-ग्रीस लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत, आणि विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, २१०० च्या आत. समुद्रातल्या फलाटांना तेलाची मर्यादा ४० आहे, कारण तिथे पातळ व्हायला अख्खा समुद्र आहे.

निकष पाळले जातात का, हा वेगळा प्रश्न. त्यावर तुमच्याशी भांडणार नाही.

पूर्णाकाठचा
थांबा थांबा. क्षार २१०० च्या आत? मागच्या साली आमच्या गावात एक आरओवाला आला होता, त्यानं मीटर बुडवून माह्या बोअरचं पाणी मोजलं होतं. २६०० भरलं होतं!

म्हणजे तेलकंपनीले जे पाणी बाहेर टाकाची परवानगी नाही, त्याच्याहून वाईट पाणी आम्ही बापजाद्यापासून पिऊन राह्यलो?

सावजी_रस्सा
भाऊ, तुमच्या बोअरले प्रदूषण मंडळाची नोटीस काढाव लागते.

तुरीची_डाळ
😂 नोटीस देवाच्या नावानं काढा.

निवृत्त_मास्तर
हसण्यावारी नेलं तरी मुद्दा बरोबर आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत ठीक, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या, असं आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा मिळून शेकडो गावं या खारपाण पट्ट्यात येतात. इथलं पाणी कुठल्या कारखान्यानं खराब केलेलं नाही, ते मुळातच तसं. म्हणून तर या धाग्यात आपल्याला बोलायचा अधिकार जास्त आहे. खाऱ्या पाण्यानं जमिनीचं काय होतं ते पुस्तकात वाचायची आपल्याला गरज नाही.

धुऱ्यावरचा_बोर
+१ गुरुजी. माझ्या आज्यानं खारपाणात कधी ओलीत केलं नाही. पऱ्हाटी, तूर, मूग, अन् जमिनीत मुरलेल्या ओलीवर हरभरा. लोक म्हणत आळशी हाये. ७-८ वर्षांआधी माह्या चुलतभावानं बोअर मारून हरभऱ्याले दोन पाणी देल्लं. पयल्या साली पीक असं आलं का गाव पाह्याले आलं. तिसऱ्या साली वावर उन्हाळ्यात पांढरं, पावसात लोण्यासारखं चिकट, न वाळलं का सिमेंट. नांगराचा फाळ वाकला. आताबी त्या तुकड्यात पाऊस पडला का पाणी वरच साचून राह्यते, खाली जातच नाही.

माती_परीक्षक
याला कारण सोडियम. आपल्या काळ्या मातीचे कण चुन्यामुळे, म्हणजे कॅल्शियममुळे, एकमेकांना धरून राहतात. मधून हवा आणि पाणी जातं. पाण्यातून सोडियम आला की तो कॅल्शियमला हाकलून त्याच्या जागेवर बसतो. मग कण सुटतात, फुगतात, छिद्रं बुजतात. माती मेल्यासारखी होते.

म्हणून फक्त टीडीएस पाहून भागत नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती ते पाहावं लागतं. आमच्या रिपोर्टमध्ये त्याला एसएआर लिहितात. दहाच्या आत असलं तर बहुधा निभावतं, सव्वीसच्या वर गेलं तर त्या पाण्याला हात लावू नका. काळ्या भारी जमिनीत तर दहाच्या आतही जपूनच. जिप्सम टाकतात ते कॅल्शियम परत आणायला. पण नुसतं टाकून होत नाही, सुटलेला सोडियम धुऊन बाहेर न्यायला गोडं पाणी आणि चर लागतात. गोडं पाणीच नाही तिथे जिप्सम टाकून काय करणार?

वणीकर_दादा
आमच्या वणीकडं तेल नाही, कोळसा हाये. पण गोठ तीच म्हणून लिहितो.

खाण खोल जाते तसं आजूबाजूचं पाणी तिच्यात उतरते. थे रात्रंदिवस उपसाव लागते, नाहीतर खाण बुडन. आमच्या शिवारात विहिरी कोरड्या न नाला बारमाही. पाहुणे येतात न म्हणतात, वा, उन्हाळ्यातबी नाल्याले पाणी! मी काई बोलत नाही.

थे पाणी खारं नाही. काही लोक इंजिन लावून घेतातबी ओलिताले. कोळसा खाणीचं पाणी शुद्ध करून बाटलीत भरून ‘कोल नीर’ नावानं विकाचा कारखाना नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगीले हाये, म्हणजे पाणी सगळं टाकाऊच असते असं नाही. पण आता आमच्याकडं लोक बोलतात का पुढं कोळशातला वायू काढतीन. पुण्यावाले भाऊ, त्याच्यातबी असंच पाणी निघते काय?

सावजी_रस्सा
कोल नीर! उद्या ‘खार नीर’ काढा दर्यापूरले. ओआरएसची पुडी टाकाची गरज नाही.

पुण्यातला_वऱ्हाडी
वणीकर दादा, निघतं, आणि उलट्या क्रमानं निघतं. तेलाच्या विहिरीला म्हातारपणी पाणी सुटतं, कोळशातल्या वायूच्या विहिरीला जन्मापासून. वायू कोळशाच्या अंगाला चिकटून असतो आणि वरच्या पाण्याच्या दाबानं तो तिथे टिकतो. वायू सोडवायचा तर आधी पाणी उपसून दाब कमी करायचा. म्हणून सुरुवातीचे महिने-वर्षं पाणीच पाणी, मग हळूहळू पाणी कमी आणि वायू जास्त. आपल्या देशात बंगालमध्ये राणीगंजला आणि मध्य प्रदेशात शहडोलकडे सोहागपूरला असा वायू काढतात.

यातली फसवी गोष्ट सांगतो. अमेरिकेत वायोमिंगमध्ये पावडर रिव्हर खोऱ्यात अशा हजारो विहिरी झाल्या. तिथलं पाणी चवीला फार खारं नव्हतं, गुरं पीत. म्हणून ते ओढ्यांत सोडलं, काही शेतांनाही दिलं. पण ते होतं सोड्याचं पाणी, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. बायकार्बोनेट मातीतला कॅल्शियम चुनखडी करून बसवून टाकतं आणि सोडियमला रान मोकळं. माती_परीक्षक यांनी लिहिलं तेच मग चिकणमातीच्या जमिनींत व्हायला लागलं. खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांनी, शेजारच्या मोंटाना राज्यानं आरडाओरडा केला आणि नदीच्या पाण्याला ईसी (म्हणजे एकूण खारटपणाचं माप) आणि एसएआरची मर्यादा घालावी लागली.

माती_परीक्षक
हे अगदी पटलं. आमच्याकडे माणसं येतात, म्हणतात, ‘साहेब, पाणी गोडं लागते, मंग वावर काऊन बसलं?’ तोंडाला गोडं आणि वावराला कडू असं पाणी असतं बरं.

धुऱ्यावरचा_बोर
आमचा चुलतभाऊ हेच म्हणे. पाणी पिऊन पाह्यलं होतं त्यानं.

गोंदणी
थोडं अवांतर. आमच्या गावात (जिल्हा यवतमाळ, गावाचं नाव सांगत नाही, सगळे ओळखतील) दोन वर्षांआधी एका विहिरीवर इंद्रधनुष्यासारखा तवंग आला. गावभर बोंब, तेल लागलं! सरपंचांनी विहिरीला कुंपण करून घेतलं. एक जण तर म्हणे जमीन आताच विकू नका, भाव वाढतील. चार दिवस जत्रा होती, भज्यांची गाडी लागली होती.

मग तालुक्याहून एक मुलगी आली पाणी तपासणीवाली. तिनं काडी घेतली आणि तवंगाला टोचलं. तवंग काचेसारखा तुटून तुकडे तुकडे झाला. ती म्हणाली, तेल असतं तर फिरून जुळलं असतं. हे लोहावर जगणारे जिवाणू आहेत. भज्यांची गाडी त्याच संध्याकाळी गेली.

निवृत्त_मास्तर
वा! ही काडीची परीक्षा शाळेत शिकवायला हवी होती, मी कधी शिकवली नाही. टाचण करून ठेवतो.

सावजी_रस्सा
सरपंचाच्या कुंपनाचं बिल कोनत्या योजनेत बसवलं थे विचारू नका.

रिगवरचा_भाचा
नमस्कार. मीच तो भाचा. मामांनी लिंक पाठवली. (तुरीची_डाळ ताई, लग्न ठरलंय, पुढच्या उन्हाळ्यात.)

मामांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण तेच माझं काम आहे. बऱ्याच विहिरींचं तेल-पाणी-वायू एकत्र पाइपनं एका केंद्रावर येतं, आम्ही त्याला जीजीएस म्हणतो. तिथे वायू वेगळा काढतात. उरतं ते ताकात लोणी मिसळावं तसं. ते तापवतात, रसायन टाकतात, तेल वर तरंगतं, पाणी खाली बसतं. हे पाणी मग ईटीपीत, म्हणजे सांडपाणी साफ करायच्या प्लांटमध्ये जातं. तिथे उरलेलं तेल, गाळ काढतात, त्यातले जिवाणू मारतात, विरघळलेला ऑक्सिजन काढतात. आणि मग पंपानं परत जमिनीखाली, बहुतेक वेळा त्याच तेलाच्या थरात. त्यानं दोन कामं होतात. खालचा दाब टिकतो आणि उरलेलं तेल विहिरीकडे ढकललं जातं. म्हणजे हे पाणी आमच्यासाठी नुसतं सांडपाणी नसतं, कामाचंही असतं. राजस्थानात बाडमेरला मंगला नावाचं मोठं तेलक्षेत्र आहे, २००९ पासून चालू. तिथे तर दाब ठेवायला जमिनीतलं वेगळं खारं पाणी काढून तेलाच्या थरात घालावं लागतं, तेलाबरोबर निघणारं पुरत नाही.

आमच्याकडलं पाणी समुद्राएवढं खारं नाही, मामा तेवढं वाढवून सांगतात.

पूर्णाकाठचा
मी समुद्र म्हटलोच नाही बाप्पा. वरतं वाचून पाह्य.

बोंडअळी
भाऊ, नोकरीवर असल्यामुळे तुम्ही असंच सांगणार. कधी सांडतच नाही का?

रिगवरचा_भाचा
सांडतं. खोटं बोलत नाही. खारं पाणी लोखंड खातं. पाइपलाइनला भोक पडतं, शेतातून जाते तिथे कोणाला कळायच्या आत वाफाभर जागा काळी होते. मग भरपाई, पंचनामा, माती उचलून नेणं. तेलाचा डाग लोकांना दिसतो म्हणून त्याची बोंब होते आणि तो उचललाही जातो. नुसतं पाणी सांडलं तर दोन दिवसांत वाळतं, कोणी बघत नाही. पुढच्या हंगामात तिथे एरंडी उगवत नाही तेव्हा लक्षात येतं.

दुसरी भीती जुन्या विहिरींची. विहिरीत पोलादी नळी असते आणि तिच्या भोवती सिमेंट, गोड्या पाण्याचे थर वेगळे ठेवायला. सिमेंट नीट बसलं नसेल किंवा नळी गंजली असेल तर खालचं पाणी वरच्या थरात चढू शकतं. ते डोळ्यांना कधीच दिसत नाही.

धुऱ्यावरचा_बोर
‘वाळतं, कोणी बघत नाही’. पाणी वाळते, मीठ कुठी जाते? तिथंच.

पुण्यातला_वऱ्हाडी
बरोबर पकडलं. तेल जिवाणू खातात, वर्षा-दोन वर्षांत बरंच कमी होतं. मिठाला खाणारं कोणी नाही.

वेस्ट व्हर्जिनियात २००८ मध्ये वायूच्या विहिरीचं असं पाणी, साधारण तीन लाख लिटर, वनखात्याच्या प्रायोगिक जंगलात अर्ध्या एकरावर फवारलं. परवानगी घेऊन, बरं का. काही दिवसांत जमिनीलगतचं हिरवं सगळं जळालं, मग झाडांची पानं गळाली, दोन वर्षांनी निम्म्याहून जास्त झाडं मेलेली. कारण मुख्यतः क्लोराइड, म्हणजे मीठच. आणि जानेवारी २०१५ मध्ये नॉर्थ डाकोटात एका पाइपलाइनमधून सुमारे तीस लाख गॅलन खारं पाणी ओढ्यात गेलं.

गोंदणी
परत जमिनीत ढकलतात हे वाचून मला किल्लारी आठवलं. त्यानं भूकंप नाही होत?

निवृत्त_मास्तर
किल्लारीचा याच्याशी संबंध नाही. पण आपल्याच राज्यातलं कोयना घ्या. ११ डिसेंबर १९६७. धरणाच्या पाण्याचा भार आणि खालच्या भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब यांनी तो चाळवला गेला असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. भेगेत आधीच ताण असतो. पाणी शिरलं की दोन्ही बाजूंची पकड सैल होते आणि ती सरकते. दोन ओल्या काचा एकमेकींवर सरकतात तसं.

पुण्यातला_वऱ्हाडी
आणि तेलाच्या पाण्यानं असे भूकंप झालेत, गोंदणी. भाच्यानं सांगितलं ते तेलाच्याच थरात परत घालणं. तिथून तेल-पाणी काढलेलं असतं, म्हणून दाब फारसा वाढत नाही. ओक्लाहोमात पाणी इतकं निघायला लागलं की ते दुसऱ्याच, अजून खोल थरात ओतू लागले, खालच्या जुन्या कठीण खडकाजवळ. तिथे पूर्वी तीनच्या वरचे भूकंप वर्षाला एक-दोन होत. २०१५ साली ९०० च्या आसपास झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये पॉनी गावाजवळ ५.८ चा झाला. मग सरकारनं ओतण्यावर मर्यादा घातली, काही विहिरी बंद केल्या, तेव्हा प्रमाण उतरलं. डेन्व्हरला तर १९६० च्या दशकात लष्करी कारखान्याचं सांडपाणी साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत सोडलं होतं. भूकंप व्हायला लागले म्हणून १९६६ मध्ये थांबवलं, आणि सगळ्यात मोठे धक्के बसले १९६७ मध्ये. दाब खाली हळूहळू पसरत राहतो.

बोंडअळी
बंद केल्यावर वर्षभरानं! म्हणजे तोपर्यंत साहेबाची बदलीही झालेली असणार.

सावजी_रस्सा
हे वाक्य फ्रेम करून तहसीलमध्ये लावा.

कापसाची_गाडी
सगळे कंपन्यांना शिव्या देतात आणि शिव्या देऊन झाल्यावर फटफटीला किक मारून चौकात जातात. आपला देश कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांच्या वर बाहेरून आणतो. म्हणजे माझ्या गाडीतल्या पेट्रोलचं खारं पाणी इराकात, रशियात कुठंतरी निघालेलं आहे. ते कोणाच्या वावरात गेलं ते आपण विचारतो का?

बोंडअळी
मी सायकल चालवतो.

कापसाची_गाडी
सायकलच्या टायरचं रबर कशाचं असतं, विचारा गुरुजींना.

व्यवस्थापक
वैयक्तिक शेरेबाजी नको. सायकलचा वेगळा धागा काढा. या विषयावरचे आणखी तीन प्रतिसाद काढून टाकले आहेत.

तुरीची_डाळ
मला एक सांगा. आमच्या गावात आरओचा प्लांट बसला. पाच रुपयाले कॅन. पाणी गोडं येते, खोटं नाही बोलत. पण प्लांटच्या मागच्या नळीतून जे पाणी निघते थे नालीत सोडतात. नालीच्या कडचं गवत गेलं, आता फक्त वेडी बाभूळ हाये. म्हणजे आम्हीबी थेच करून राह्यलो का? गोडं पेलो, खारं मागं सोडलं?

पुण्यातला_वऱ्हाडी
ताई, या धाग्यातला सगळ्यात नेमका प्रश्न तुम्ही विचारलात. आरओ मीठ नाहीसं करत नाही, एका भांड्यातलं दुसऱ्यात ढकलतं. शंभर लिटरातलं चाळीस गोडं केलं तर उरलेल्या साठात सगळं मीठ. तेलाच्या पाण्याचंही तेच. जितकं शुद्ध कराल तितकं मागे उरलेलं खारं पाणी घट्ट. शेवटी आटवून कोरडं मीठ करायचं म्हटलं तर इंधन, वीज प्रचंड लागते, आणि त्या मिठात बेरियम, रेडियम असेल तर ते मीठही धोक्याचा कचराच. म्हणून जगभर बहुतेक ठिकाणी जमिनीखाली ढकलणंच स्वस्त पडतं.

वणीकर_दादा
मंग बदामाचं काय थे? पूर्णाकाठच्या भाऊचा दुसरा प्रश्न राह्यलाच की.

पुण्यातला_वऱ्हाडी
हो, तो राहिला. व्हिडिओ बहुधा कॅलिफोर्नियाच्या कर्न काउंटीचा असेल. तिथे तेलक्षेत्राचं पाणी खरंच अनेक वर्षांपासून शेतीला जातं, बदाम-पिस्त्यांनाही. पण औषध काही नाही. ते पाणी मुळातच कमी खारं आहे. त्यातलं तेल तरंगवून काढतात, मग अक्रोडाच्या टरफलांच्या गाळणीतून गाळतात (टरफलांना तेल चिकटतं, गंमत नाही), आणि मग कालव्याच्या गोड्या पाण्यात मिसळून देतात. मीठ कोणी काढत नाही, पातळ करतात फक्त. मीठ सोडून बाकी रसायनांचं काय, यावर तिथेही वाद झालेच.

पूर्णाकाठचा
हात तिच्या! म्हणजे त्याईच्या तेलाच्या विहिरीचं पाणी माह्या बोअरहून कमी खारं, न वरतून त्याईच्याजवळ मिसळाले कालवाबी हाये.

रिगवरचा_भाचा
मामा, तुमच्याकडे पाऊस आहे ना. शेततळं करा म्हणून मी दोन वर्षं सांगतोय.

धुऱ्यावरचा_बोर
भाचा बरोबर बोलून राह्यला. आमच्याकडं चार जणाईनं शेततळं केलं. खारपाणातली चिकणमाती एवढी घट्ट का पाणी फारसं जिरत नाही, बऱ्याच जणाईले खाली प्लास्टिकबी लागलं नाही. पावसाचं पाणी धरून ठेवलं, न हरभऱ्याले फुलोऱ्यात स्प्रिंकलरनं एक पाणी. बोअरचं थेंबभर नाही.

पूर्णाकाठचा
जागा जाते न भाऊ. साडेतीन एकरात तळं कुठी खंदू? बायको म्हणते तळ्यात पोट्टे पडतीन. पण विचार करतो. बोअरच्या पाण्याचा आदी एकदा पक्का रिपोर्ट काढतो. आरओवाल्याच्या मीटरवर माह्या काई भरवसा नाही, त्याले मशीन विकाची होती. माती_परीक्षक साहेब, नमुना कसा आणाव?

माती_परीक्षक
मोटर पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, मग नमुना घ्या, पाइपात साचलेलं पहिलं पाणी नको. प्लास्टिकची लिटरभर बाटली, त्याच पाण्यानं तीनदा खंगाळून काठोकाठ भरा, बूच घट्ट लावा. नाव, गाव, गट नंबर, बोअरची खोली लिहून चिठ्ठी बाहेरून चिकटवा. लवकरात लवकर आणा. ईसी, पीएच, एसएआर आणि बायकार्बोनेट, सगळं सांगा, नुसतं टीडीएस मागू नका. त्याच वावरातली मातीही आणा, बोअरचं पाणी दिलेल्या जागेची वेगळी आणि न दिलेल्या जागेची वेगळी.

पूर्णाकाठचा
घरी कोल्ड्रिंकच्या बाटल्या हायेत, चालतीन काय? अन् बोअरची खोली आठवत नाही, बाबानं मारला होता, थे सांगत ३०० फूट पण त्याईचं ३०० म्हणजे कितीबी असू शकते.

माती_परीक्षक
बाटली चालेल. खोली ‘अंदाजे’ लिहा. रॉकेलची किंवा फवारणीची बाटली मात्र अजिबात आणू नका, मागच्या महिन्यात एकानं आणली होती.

तुरीची_डाळ
साहेब, मीबी येते, आरओच्या मागच्या नळीचं पाणी घेऊन. थेबी तपासता का?

माती_परीक्षक
आणा. दोन बाटल्या आणा, एक पुढच्या नळाची आणि एक मागची.